ओढ्याकाठची तंबाखू

खडकी उपकेंद्र, ता. तुळजापूर
१० ऑक्टोबर १९८२

ती. बलभीमदादांस,
तारामतीचा सविनय जय भीम वि. वि.

तुमचं पोळ्याच्या सुमाराचं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. मधले दहा दिवस मी उस्मानाबादला प्रशिक्षणाला होते. परत आले तर दोन बाळंतपणं वाट बघत होती. माझी तब्येत चांगली आहे. वेळेवर जेवते, हे मायला मुद्दाम सांगा. नाहीतर ती पुन्हा कंडक्टरजवळ भाकरी देईल आणि मागच्यासारखी निम्मी तोच खाईल.

प्रशिक्षण तोंडाच्या आजाराचं होतं. बाईनं वर्षानुवर्षं मिसरी लावली, गड्यानं तंबाखू-चुना गालात धरला, की आतून पांढरा चट्टा येतो. बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. त्यातल्या काहींचा पुढं कॅन्सर होतो. आता माझ्या सात गावांत घरोघर जाऊन तोंडं बघायची आणि मिसरी सोडा म्हणून सांगायचं, असं काम लागलंय. एकसष्ट बायका बघून झाल्या. चव्वेचाळीस जणी मिसरी लावतात. पाच जणींना चट्टे आहेत.

आता मनातलं लिहिते. परवा इथं ओट्यावर आठ-दहा बायका गोळा झाल्या होत्या. चांगलं ऐकत होत्या. त्यांत एक आपल्या निंबखेडची लेक निघाली. सगळ्यांदेखत म्हणाली की बाई, तुमच्याच रानात ओढ्याकाठी तंबाखू पिकते, तुमची आई गल्लीला मिसरी भाजून वाटते, मग आमालाच कशापायी सांगता? बायका हसल्या. पिशवी उचलली आणि निघून आले.

दादा, एवढं करा. मायचं तोंड एकदा उजेडात बघा. आणि पिकाचंही जरा मनावर घ्या. यंदाची रोपं लागली असतील, त्याला इलाज नाही. पण पुढचं बघा.

हरणावहिनीला आता चौथा संपत आला असेल. तिला म्हणावं, हरभऱ्याची भाजी खा आणि माझ्या भाच्याला माझ्यासारखं नाक देऊ नकोस.

माझ्यावरची माया आहे तशीच असू द्या, उत्तराची घाई मात्र करा.
तुमची
तारामती


मौजे निंबखेड, ता. भूम
२ नोव्हेंबर १९८२

चि. तारामतीस,
बलभीमचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. वाचून दोन दिवस खुंटीला अडकवून ठेवलं, कारण लगेच लिहिलं असतं तर वाकडं लिहिलं असतं. आता बी थोडं वाकडंच होईल. मोठा भाऊ म्हणून ऐकून घे.

बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी उगवून जळाली, ते तू बघितलंस. त्यानंतर वरच्या आळीतल्या बंडप्पांनी निपाणीकडनं तंबाखूचं बी आणलं आणि मूठभर आपल्यालाबी दिलं. गावात दुसरं कुणी देत नव्हतं. आपलं रान दीड एकराचं, ओढ्याच्या कडेचं. तिथं दुसरं काय आलं असतं? तंबाखू पाऊस गेल्यावर दवावर येती. कुंपण लागत न्हाई, बकरी तोंड लावत न्हाई. त्याच पिकावर तुझं नर्सिंग झालं. तुझ्या अंगावरची पांढरी साडी आधी आपल्या रानात हिरवी होती, एवढं ध्यानात ठेव. मंग त्या बायांपुढं मान खाली घालायची गरज काय?

मायला तुझा निरोप सांगितला. तिनं तोंड उघडलं, पण बोलायला. म्हणाली की तारीला म्हणावं, आईचे दात मोजायला सरकार पगार देतंय का तुला? आणि त्याच दिवशी दुप्पट मिसरी भाजायला घेतली. तव्यावरचा ठसका गल्लीभर गेला, सगळा बुद्धवाडा खोकत होता. बाया डब्या घेऊन आल्या. माय सगळ्यांना भरून देती, कुणाकडनं काही घेत न्हाई, तुला माहीतच हाय.

एक चांगली खबर. गावात दूध संस्था निघाली. सेक्रेटरी धुळाप्पा. मेंढरं राखायचा तोच, आता माप हातात घेऊन बसतो. सगळ्या घरांचं दूध एकाच कॅनात जाईल, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दोन-चार तोंडं वाकडी झाली, पण कॅन एकच राहिला. दूध भूमला खव्याच्या भट्टीवर जातं. आपणबी एक म्हैस घेतली. सपरात बांधली हाय.

शेंडे खुडायचं काम लागलंय, सगळे पहाटेच रानात असतो. म्हणून इथंच थांबतो. रागानं लिहिलं असलं तरी तुझ्या आठवणीनंच लिहिलंय, हे समजून घे.
तुझा
बलभीमदादा


निंबखेड
२७ नोव्हेंबर १९८२

तारावन्संना,
हरणाबाईचा जय भीम.

माझी शाळा चौथीपर्यंतच. अक्षराला हसू नका. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. पोस्टमनदादांच्या हातात देईन.

वन्सं, महिना होत आला, पहाटे शेंडे खुडायला जातो. पानं दवानं वली असतात. चिकट राळ हाताला, साडीला, सगळीकडं लागती. परवा मला गरगरलं, उलट्या झाल्या, सरीतच बसले. शेजारणी म्हणाल्या, पोटुशी हायेस म्हणून होतं. पण मळमळ यांनाबी होती. ते तर पोटुशी न्हाईत.

दुसरं मायचं. ती तिखट खायची बंद झाली. भाकरी दुधात कुस्करून खाती. जेवताना डाव्या गालाला हात लावती. म्या विचारलं तर म्हणाली, कुणाला सांगशील तर बघ. म्हणून तुम्हाला सांगते. सांगितल्याशिवाय मला झोप येईना.

तुम्ही या. म्या लिहिलं म्हणून नका सांगू. माझं पोट बघायला आले म्हणा.

यायच्या आधी पत्र नका टाकू. लोभ करता, तो मला इथं पुरतो.
तुमची
हरणा


खडकी उपकेंद्र
९ डिसेंबर १९८२

ती. दादांस,
सविनय जय भीम वि. वि.

रविवारी तुम्ही मला फाट्यापर्यंत सोडायला आलात, पण पिशवी हातात देऊन एसटी यायच्या आधीच माघारी वळलात. चूक माझी आहे. बंडप्पांसमोर मी तुमच्यावर ओरडायला नको होतं. ते आपल्या ओट्यावर आले होते, आणि मी त्यांच्यादेखत म्हणाले की तुम्ही दोघं मिळून विष पेरता. गाडीत बसल्यापासून ते शब्द माझ्याच कानात वाजतायत.

तुम्ही रानात गेल्यावर माय काय बोलली, ते तुम्हाला कळायला हवं. मी तिला विचारलं की मिसरी कधीपासून लावतेस. ती म्हणाली, दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर. तिथं खायला सुकडी मिळायची. ती पदरात बांधून घरी आणायची, आपल्या दोघांसाठी. तिला भूक लागली की शेजारची बाई चिमूटभर मिसरी द्यायची. लावली की पोट गप बसायचं. मग मला म्हणाली, तुज्या ताटातलं कमी पडू नये म्हनून म्या दाताला राख लावली, आन तूच मला सोड म्हनतीस.

दादा, मी तिला हट्टी समजत होते. मी तिथंच तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली की रडतीस काय, बग आता काय बगायचं ते. आणि आपणहून उन्हाकडं तोंड केलं.

डाव्या गालात चिंचोक्याएवढा पांढरा चट्टा आहे. त्याची कड लाल आहे. तो काय आहे ते मला सांगता येत नाही. माझं काम बघायचं आणि पुढं पाठवायचं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. वीस तारखेला मायला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मी आले असते, पण लसीकरणात सुटी नाही.

वहिनीला दवाच्या वेळी रानात अजिबात पाठवू नका. ओल्या पानाचं विष कातडीतून अंगात जातं, आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं. तुम्हीही ऊन वर आल्यावर जा, आणि लांब बाह्यांचा सदरा घाला.

साडीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. त्या पिकाचं मी खाल्लंय, म्हणूनच मला गप्प बसवत नाही.

भाऊ रागावला तरी भाऊच राहतो, या भरवशावर,
तारामती


निंबखेड
२९ डिसेंबर १९८२

चि. तारामतीस अ. आ.

मायला सोलापूरला नेऊन आणलं. एसटीत तिला खिडकीजवळ बसवलं. भूमपासनं बार्शीपर्यंत ती नुसती बाहेर बघत होती. बार्शी गेल्यावर म्हणाली की लई दिसांनी इतकी शेतं बगितली.

दवाखान्यात डॉक्टरीण होती, तुझ्याएवढीच. तिनं गाल सुन्न करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. मायनं डोळे मिटून घेतले. अहवालाला तीन आठवडे लागतील, तो तुमच्या दवाखान्यात पाठवते म्हणाली.

आता एक सांगतो, ते मायला आणि हरणीला सांगितलेलं न्हाई. व्हरांड्यात माझ्या शेजारी एक गडी बसला होता. तोंडाला पंचा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. वय माझ्याएवढंच असंल. सीमेकडचा होता, बोलण्यात कानडी येत होतं. शब्द फुटत नव्हते, लई कष्टानं बोलायचा. त्याचंबी रान तंबाखूचंच. पानाची पारख करायला बारकेपणापासनं चावत आला, म्हणाला. आता जबडा काढायचाय. मंग त्यानं मला विचारलं, पाव्हनं, तुमच्याकडं काय पिकतं?

तारा, म्या सांगितलं ज्वारी.

का सांगितलं ते मला माहीत न्हाई. त्यानं मान हलवली. म्हणाला, ब्येस हाय. तिथनं उठून म्या पाणी प्यायला गेलो आणि नळाखाली किती तरी वेळ हात धूत उभा राहिलो. आठ दिवस झाले, तेच डोळ्यांपुढं येतं. सगळ्या गावापुढं तंबाखूवाला म्हणून मान वर करून हिंडलो, आणि त्या एका माणसापुढं खोटं बोललो.

हरणीला रानात पाठवणं बंद केलंय. ती बरी हाय. तुला कुणी बोलावून घेतलं तेबी मला कळलं. तिला काही बोललो न्हाई.

अहवाल आला की एक ओळ का होईना, लिही. आम्ही वाट बघतो.
तुझा
दादा


खडकी उपकेंद्र
१४ जानेवारी १९८३

ती. दादा, माय आणि वहिनी, तिघांनाही जय भीम.

आधी बातमी, मग बाकीचं. मायला कॅन्सर नाही. पुन्हा लिहिते, नाही. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचून दाखवला, मी तिसऱ्यांदा मागितला तेव्हा ते हसले.

पण चट्टा साधा नाही, कॅन्सरच्या अलीकडच्या पायरीवरचा आहे. तंबाखू आजपासून सुटली तर तो पुसट होऊ शकतो, लागत राहिली तर पुढं जाईल. दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

माय, हे दादांकडून वाचून घे. पहिले पंधरा दिवस अवघड जातील. डोकं दुखेल, चिडचिड होईल, सकाळी पोट साफ होणार नाही. गरम पाणी पी. तोंडात बडीशेप किंवा लवंग धर, दात घासायला कडुनिंबाची काडी घे. वहिनीवर ओरडावंसं वाटलं तर मला शिव्या दे, मी लांब आहे. इथल्या तीन जणींनी सोडली आहे. त्यांतली कोंडाबाई सत्तर वर्षांची आहे, तिला जमलं.

दादा, तुमचं पत्र मी जपून ठेवलं आहे. पिकाबद्दल मी आता काही म्हणणार नाही.

आज संक्रांत. तिळगूळ पाकिटात मावत नाही, गोडवा तेवढा पाठवते.
तुमची
तारामती


निंबखेड
२४ फेब्रुवारी १९८३

चि. तारामतीस अ. आ.

घरी इतकं घडलं की दोन वेळा पत्र लिहायला बसलो आणि उठलो.

मायनं मिसरी सोडली, आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी हरणी पाण्याला गेलेली बघून तिनं तवा ठेवला. वास लपतो व्हय? म्या रानातनं आलो तर ती चुलीपुढं बसलेली, काळं बोट तसंच, आणि डोळ्यांत पाणी. म्हणाली, बलभीमा, माज्याच्यानं हुत न्हाय रं. वर सपरात पाहिजे तेवढा तंबाखूचा पाला टांगलेला, खाली ती सोडायला बघती. दारू गाळणाऱ्याच्या घरात दारू सोडण्यातला प्रकार.

त्याच आठवड्यात भूमच्या भट्टीवरनं गावाचं दूध परत आलं. खव्याला तंबाखूचा वास मारतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा परत. आणखी एकदा झालं तर निंबखेडचं दूध बंद, असा निरोप आला. धुळाप्पा प्रत्येकाची चरवी हुंगत सुटला. आपल्यापाशी येऊन थांबला. सपरात आला, वर बघितलं, म्हशीकडं बघितलं, आणि तसाच माघारी गेला.

संध्याकाळी देवळापुढं बैठक बसली. बायाबी आल्या होत्या. दोघा-तिघांनी मोका साधला. म्हणाले, त्या वाड्याचं दूध एका कॅनात घेतलं तिथंच चुकलं. माझे कान तापले. पण धुळाप्पा उठला आणि म्हणाला की वास तंबाखूला हाय, घराला न्हाय. हुंगून आलोय म्या. तुमच्यातल्या चार घरांतबी तोच वास हाय, मिसरीच्या हातानं धार काढत्यात.

बाया एकमेकींकडं बघाया लागल्या. आणि मंग माय उठली. तारा, मला वाटलं, भांडणार. ती सरळ दिव्याखाली गेली, पदर मागं केला, बोटानं गाल ताणला आणि तोंड उघडून उभी राहिली. म्हणाली, या, बगा. गल्लीला म्या मिसरी वाटली. आता हेबी बगून जावा. आधी कुणी हललं न्हाई. मंग धुळाप्पाची आई बानूबाई पुढं झाली. तिनं वाकून बघितलं आणि स्वतःच्या गालावर हात ठेवला. मंग एकेक जण आली. ज्या बाया मायच्या हातचं पाणी घेत नव्हत्या, त्याबी आल्या.

संस्थेनं तिथंच ठरवलं. तंबाखू ठेवलेल्या सपरातलं दूध घ्यायचं न्हाई, आणि मिसरीच्या हातानं धार काढायची न्हाई. दुसऱ्या दिवशी म्या पाला उतरवला. खोटं कशाला बोलू, फेकला न्हाई, विकला. पण बियाणं धरलेली झाडं उपटून टाकली. मायनं तवा घासून भाकरीला घेतला. आज सोळावा दिवस. चिडचिड लई करती, काल म्हशीशी भांडली.

हरणीचे दिवस जवळ आले. तू आलीस तर सगळ्यांना धीर येईल. तुझ्या वाटेकडं डोळे लावून,
दादा


खडकी उपकेंद्र
२० जुलै १९८३

ती. दादांस,
सविनय जय भीम वि. वि.

तुमची लेक चार महिन्यांची झाली, आणि नाक माझंच आलं असं वहिनी लिहिते. बिचारी. नाव सुजाता ठेवलंत, छान केलंत.

मायची तिसरी तपासणी महिन्याच्या सुरुवातीला झाली. चट्ट्याची लाल कड गेली आहे आणि पांढरं पुसट झालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू द्या. त्यानंतर ती माझ्याकडं आठ दिवस राहिली. माझ्याबरोबर गावोगाव फिरली. मी बोलायचे तेव्हा बायका जांभया द्यायच्या. ती बोलली की पुढं सरकून बसायच्या. चव्वेचाळीस जणींतल्या सतरा जणींनी सोडली. काहींनी पुन्हा धरलीही. माय म्हणते, धरू दे, म्याबी धरली हुती.

ओढ्यात पाण्यासाठी झिरा खोदून तुम्ही तंबाखूच्या जागी घास लावला, दुसरी म्हैस आणली, हे वाचून मी एकटीच खोलीत हसत बसले.

आता एक गोष्ट. बाळंतपणाला आले तेव्हा शाळेकडं गेले होते. मागच्या खोलीत बंडप्पांचा पाला थप्पीनं भरलेला, आणि पहिली-दुसरीची मुलं ओसरीत खोकत बसलेली. दर हिवाळ्यात असंच असतं, असं गुरुजी म्हणाले. संस्थेनं दुधापायी नियम केला, तसा गावानं मुलांपायी करायला हवा. गुरुजी बदलीला घाबरतात. ग्रामसभेत गावचंच कोणी उभं राहिलं पाहिजे. बंडप्पांनी आपल्याला बी दिलं होतं, हे मी विसरले नाही. म्हणून तुम्ही उभं राहा असं लिहीत नाही. फक्त कळवते.

सुजाताचे दोन्ही गाल माझ्या वाटचे राखून ठेवा.
तुमची
तारामती


निंबखेड
६ ऑक्टोबर १९८३

चि. तारामतीस अ. आ.

फक्त कळवते म्हणून तू जे लिहितेस, ते बैलाला पराणी लावल्यासारखं लागतं. दोन महिने म्या तो विषय टाळला.

दोन तारखेला ग्रामसभा होती. पाण्याचं झालं, रस्त्याचं झालं, सगळे उठायला लागले. मंग म्या उभा राहिलो. म्हणालो, शाळेची मागची खोली मुलांची हाय, तिथं तंबाखू ठेवायची न्हाई. आणि शाळेच्या शेजारच्या दुकानात मुलांना बिडी-तंबाखू द्यायची न्हाई. बंडप्पा पुढंच बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की बलभीमा, तुला बी कुणी दिलं होतं? म्या म्हणालो, तुम्ही दिलं, आप्पा. उपकार हाईत. गावात दुसरं कुणी देत नव्हतं तेव्हा दिलं, म्हणून माझी बहीण नर्स झाली, आणि तिनं माझी माय वाचवली. ते उपकार मी मरेपर्यंत मानीन. पण खोली मुलांचीच.

हात वर झाले. बायांचे जास्त. ठराव झाला. बंडप्पा उठून निघून गेले. बाकीची तीन तंबाखूवाली घरं त्यांच्या मागं गेली. त्यांची रोपं लागलीत, यंदाबी पीक येईल. सगळं बदललं असं म्या म्हणत न्हाई. पण काल गुरुजींनी खोलीला चुना मारला.

घरी आलो तर मायला सगळं आधीच कळलेलं. तिनं ताटात दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

खरं तर पत्र लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. आज सकाळी झिऱ्यावर घास कापत होतो. बंडप्पा बांधावर येऊन उभे राहिले. मला वाटलं, भांडायला आले. लई वेळ ते घासाकडं बघत राहिले. मंग खालच्या आवाजात म्हणाले की तुझी बहीण कधी येणार हाय? आमच्या सुनेला, मथुरीला, महिना झाला, तोंड पुरतं उघडता येईना. ती कुणाला दाखवत न्हाई. तुझ्या बहिणीला दाखवते म्हणती. आमच्या माजघरात ये म्हणावं तिला.

तारा, त्या माजघराच्या उंबऱ्यापर्यंतबी आपल्यातलं कुणी आजवर गेलेलं न्हाई. तू लवकर ये. फाट्यावर उतरलीस की आधी त्यांच्या घरी जा, बॅटरीत नवे सेल घालून. आपल्याकडं मागनं ये. भाकरी झाकून ठेवतो.

आशीर्वाद आहेतच. आता यायचं तेवढं कर.
तुझा
बलभीमदादा